शेवटच्या युनिटचा भाव

आमचे जावई अंधेरीला राहतात. 2024 च्या मे महिन्यात माझं लाईटबिल साडेतीन हजारांवर गेलं. फोनवर बोलता बोलता ते मी सांगितलं, तर लगेच म्हणाले, "मामा, मग कंपनी बदला की. आम्ही कधीच बदलली."

त्यांचं चुकलं नाही. मुंबईच्या उपनगरांत 2009 पासून ही सोय आहे. तारा एका कंपनीच्या आणि वीज दुसरीची, असं तिथं चालतं. तारा त्याच ठेवून नुसती वीज विकणारी कंपनी बदलली तर त्याला ‘चेंजओव्हर’ म्हणतात. नव्या कंपनीनं स्वतःची केबल टाकली तर तो ‘स्विचओव्हर’. चेंजओव्हर केलेल्या माणसाला वीज आकार नव्या कंपनीच्या दरानं लागतो, पण वहन आकार, म्हणजे तारांतून वीज आणण्याचं भाडं, ज्याची तार त्याच्या दरानं. मी जावईबापूंना एवढंच विचारलं की तुलना करताना दोन्ही ओळींची बेरीज केली होती का. पलीकडून काही उत्तर आलं नाही.

सोलापुरात घरगुती ग्राहकाला महावितरण एके महावितरण. गंमत बघा, वीज आपल्या उशाशी तयार होते. दक्षिण सोलापूर तालुक्यात आहेरवाडी-फताटेवाडीला एनटीपीसीचा 1,320 मेगावॅटचा प्रकल्प आहे. दक्षिण भारताचं ग्रिड उरलेल्या देशाला जोडलं गेलं तेसुद्धा आपल्याच इथून, रायचूर-सोलापूर 765 केव्ही वाहिनीवरून, 31 डिसेंबर 2013 ला. पण माझ्या जिन्याखालच्या मीटरला दुसरा पर्याय नाही.

मी चौतीस वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशोब लिहिले. कारखान्याला पर्याय असतो. एक मेगावॅट आणि वर मागणी असेल तर ओपन ॲक्सेसनं बाहेरून वीज घेता येते. 2022 च्या नियमांनी हरित विजेसाठी ती अट 100 किलोवॅटवर आणली. आमच्या मालकांनी एकदा हा हिशोब मला मांडायला लावला. बाहेरच्या विजेचा दर बघून ते खूश होते. मग मी त्याखाली वहन आकार, पारेषण आकार, क्रॉस सबसिडीचा (दुसऱ्या ग्राहकांची वीज स्वस्त ठेवण्यासाठीचा) अधिभार अशा एकेक ओळी लिहीत गेलो आणि तिसऱ्या ओळीला त्यांनी चहा मागवला. फाईल बंद झाली. दर म्हणजे पहिल्या ओळीतला आकडा नव्हे, हे मी तिथं शिकलो आणि निवृत्त झाल्यावर घरच्या बिलाला लावलं.

घरात तुलना कुणाशी करायची? आपल्याच पहिल्या युनिटची आपल्याच शेवटच्या युनिटशी. खालचा सगळा हिशोब त्याच एका गोष्टीभोवती आहे.

बिल आधी वाचा

बिल आलं की आपण खालची रक्कम बघतो आणि मोबाईल काढतो. त्याआधी चार जागी नजर टाका. दर संकेत, म्हणजे कोणत्या गटाचा दर लावलाय तो, घरगुती सिंगल फेजचाच आहे ना. मंजूर भार किती लिहिलाय. मागचं आणि चालू रीडिंग मीटरवर दिसतंय त्याच्याशी जुळतंय का. आणि बिल किती दिवसांचं आहे.

दिवसांचं महत्त्व असं की दरांचे टप्पे महिन्याचे असतात. रीडिंग 30 ऐवजी 36 दिवसांनी झालं तर पहिला 100 युनिटांचा टप्पाही त्याच प्रमाणात 120 चा धरायला हवा. तो धरलाय का, हे कॅलक्युलेटरवर दोन मिनिटांत कळतं.

रीडिंगच्या जागी सरासरीचा शेरा दिसला तर सावध व्हा. आमच्याकडे हे माझ्याच चुकीनं घडलं. जिन्याच्या दाराला मी नवीन कुलूप घातलं, दोन महिने रीडिंग घेणाऱ्या पोराला मीटर दिसलंच नाही, सरासरीची बिलं कमी आली म्हणून मी खुशीत. तिसऱ्या महिन्यात सगळी बाकी एकदम निघाली. असं झालं तर दोन गोष्टी तपासा: साठलेली युनिटं तेवढ्या महिन्यांत वाटून टप्पे लावलेत का, आणि आधी भरलेली सरासरीची रक्कम वजा केलीय का. पुढे कुलूप असेल त्या महिन्यात मीटरचा फोटो काढून महावितरणच्या ॲपवरून रीडिंग स्वतः पाठवता येतं. चूक दुरुस्त होत नसेल तर 1912 वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवा. त्याच्या वर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्याच्याही वर विद्युत लोकपाल आहेत. तिथं तोंडी बोलण्याला किंमत नाही, तारखा आणि कागद लागतात.

आता खरा हिशोब

मी 2024-25 सालचे घरगुती दर घेतो, कारण माझी वही त्याच बिलांवर लिहिलेली आहे. आकडे बदलत राहतात, तुम्ही तुमच्या ताज्या बिलातले घाला. पद्धत तीच.

पहिल्या 100 युनिटांना 4.71 रुपये. 101 ते 300 ला 10.29. 301 ते 500 ला 14.55. त्यापुढे 16.64. प्रत्येक युनिटवर वहन आकार 1.17 वेगळा. स्थिर आकार महिन्याला 128. या सगळ्याच्या बेरजेवर 16 टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक हलतो म्हणून तो बाजूला ठेवलाय.

माझे मे महिन्याचे युनिट 300. पहिल्या शंभराचे 471, पुढच्या दोनशेचे 2,058, वहन 351, स्थिर 128. बेरीज 3,008. शुल्क धरून 3,489. भागाकार केला तर युनिट साडेअकरा रुपयांच्या वर पडलं, आणि इथंच बहुतेक लोक थांबतात. ‘आमची वीज साडेअकरा रुपयांनी पडते’ असं म्हणतात. पण त्या भावानं एकही युनिट कुणी विकत घेत नाही. वहन आणि शुल्क मिळवून पहिल्या टप्प्यातलं युनिट 6.82 ला पडतं, दुसऱ्यातलं 13.29 ला, तिसऱ्यातलं 18.24 ला आणि पाचशेच्या वरचं 20.66 ला. तुम्ही जे वाचवता ते नेहमी वरच्या टोकाचं असतं. जे वाढवता तेही तिथलंच.

एक गैरसमज आमच्या गल्लीतही आहे: 301 वं युनिट पडलं की मागची सगळी युनिटं महागतात. तसं होत नाही. महाग होतं ते फक्त तीनशेच्या पुढचं. म्हणून 29 तारखेला घाबरून फ्रिज बंद करणाऱ्या काकूंना मी सांगितलं, बंद करा, पण दूध नासलं तर त्याचे पैसे जास्त जातील.

वही करा. महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळी मीटरचा आकडा लिहायचा, उन्हाळ्यात दर रविवारीही. तुमचं शेवटचं युनिट कोणत्या टप्प्यात पडतं ते वर्षाच्या बारा ओळींत दिसतं. माझं नोव्हेंबर ते जानेवारी पहिल्या टप्प्याच्या वर असायचं, एप्रिल-मेमध्ये दुसऱ्याच्या टोकाला.

शेवटची युनिटं कोण खातं

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. शेजारी 3200 आयएमपी पर केडब्ल्यूएच असं काहीतरी छापलेलं असतं, म्हणजे तो दिवा 3,200 वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. घरातलं सगळं बंद करून एकच वस्तू चालू ठेवा आणि मिनिटात किती वेळा लुकलुकतं ते मोजा. आठ वेळा झालं तर ती वस्तू 150 वॅट खाते. नातवाला हे काम द्या, आवडीनं करतो.

आमच्या घरात चोर निघाला सोळा वर्षांचा फ्रिज. फक्त तोच चालू ठेवून बघितलं तर दिवसाला तीन युनिट, महिन्याला नव्वद. नव्या मध्यम आकाराच्या फ्रिजच्या लेबलवर वर्षाला दोनशेच्या आसपास युनिट असतात. आमच्या उघडझापीत ते वाढतात हे धरलं तरी महिन्याला सत्तर युनिट वाचली, तीही 13.29 ची, म्हणजे नऊशे तीस रुपये. जुना फ्रिज पाण्याच्या बाटल्यांसाठी माडीवर ठेवू, असं आमच्या मंडळींचं म्हणणं होतं. त्यावर आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं. शेवटी तो भंगारवाल्याला गेला.

पंखे. जुना पंखा 75 वॅट खातो, कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा बीएलडीसी पंखा 28-30. रोज सोळा तास चालला तर महिन्याला साडेबावीस युनिट वाचतात. माझ्यासाठी ते 300 रुपये आहेत. शेजारच्या जोशीकाकूंचा वापर नव्वद युनिट, त्यांच्यासाठी तोच पंखा दीडशेच रुपये वाचवतो. दुकानदार दोघांना एकच गणित सांगतो, ते बरोबर नाही. सोलापुरात पंखा फेब्रुवारीपासून दसऱ्यापर्यंत फिरतोच, तेव्हा माझ्यासारख्याचे पैसे दोन उन्हाळ्यांत सुटतात. सगळे एकदम बदलू नका, जो सर्वांत जास्त फिरतो तो आधी.

कूलर की एसी, यावर मी थोडा हट्टी आहे. आपला उन्हाळा कोरडा. चव्वेचाळीस डिग्रीत वाळ्याचा कूलर जे काम करतो ते मुंबईच्या दमट हवेत करणार नाही, म्हणून जावईबापूंचा सल्ला इथंही लागू नाही. घराचा बाकी वापर 190 युनिट धरा. 180 वॅटचा कूलर रोज दहा तास चालला तर 54 युनिट, सगळी दुसऱ्या टप्प्यात, 718 रुपये. दीड टनाचा एसी तासाला एक युनिट धरून रोज आठ तास, म्हणजे 240 युनिट: त्यातली 110 दुसऱ्या टप्प्यात, 130 तिसऱ्यात, मिळून 3,833. कूलरच्या जवळजवळ साडेपाच पट. एसी घ्यायचाच असेल तर लेबलवरचा वर्षाचा युनिटचा आकडा 1,600 तासांसाठी असतो हे लक्षात ठेवून दोन मॉडेलांची तुलना करा, नुसते तारे मोजू नका. कूलरला पाणी लागतं आणि आपल्याकडं नळ चार-पाच दिवसांआड, ही अडचण खरी आहे. आम्ही कूलरला बोअरचं पाणी घालतो. क्षारानं पॅड पांढरे पडतात, दर वर्षी बदलावे लागतात. तरी परवडतं.

इंडक्शन शेगडीबद्दल सगळे विचारतात. ढोबळ हिशोब असा: 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये 180 युनिटांएवढी उष्णता असते. गॅसवर त्यातली पासष्ट टक्के भांड्याला लागते, इंडक्शनवर पंच्याऐंशी. म्हणजे एका सिलिंडरचं काम करायला साधारण 138 युनिट वीज हवी. सिलिंडर तेव्हा आठशेच्या आसपास होता. 138 युनिट पहिल्या टप्प्यातली असती तरी 941 रुपये झाले असते, आणि ती तशी नसतात, ती वरच्या टोकाला पडतात: 1,834 रुपये. इंडक्शन घरात असू द्या, सिलिंडर संपला की चहाला उपयोगी पडते. त्यावर भाकऱ्या थापायला जाऊ नका.

वेळेचा दर आणि किरकोळ सवलती

जुलै 2025 पासून टीओडी मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदणारं) असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैसे सवलत लागू झाली. माझा धाकटा भाऊ याच्या मागं लागला. धुणं, इस्त्री, हौदातून टाकीत पाणी चढवणारी मोटर असं सगळं दिवसा आणलं. चाळीसेक युनिट सरकली असतील. बत्तीस रुपये आणि त्यावरचं शुल्क. वाईट नाही, पण एका पंख्याच्या बरोबरीचंही नाही. पाणी रात्री दोनला येवो की पहाटे, ते आधी हौदात पडू द्या आणि मोटर सकाळी नऊनंतर लावा, एवढं केलं तरी पुरे. नळाला थेट मोटर जोडू नका. ते बेकायदेशीर आहे आणि पुढच्या घरातल्या बाईचा तळतळाट वेगळा.

बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरलं तर एक टक्का सूट, ऑनलाईन भरलं तर पाव टक्का, कागदी बिल नको म्हणून ई-बिल घेतलं तर दर बिलाला दहा रुपये. लावून टाका आणि विसरा. ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज आला तर तो लुटारूंचा असतो, हात लावू नका.

वर्षातून एकदा सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं, तेव्हा लोक चिडतात. ठेव सरासरी दोन महिन्यांच्या बिलाएवढी असते आणि तिच्यावर व्याज मिळतं. वापर वाढला की ठेव वाढते. एसी घेताना हेही धरा.

दोन चुली, दोन मीटर

आमचं घर जुळे सोलापुरात. खाली आम्ही, वर धाकटा भाऊ. त्याची चूल वेगळी, जिना वेगळा. दोन घरांचा वापर एकाच मीटरवर 300 असेल तर बिल 3,489. तोच वापर दोन मीटरवर दीडशे-दीडशे झाला तर प्रत्येकी 1,495, दोन्ही मिळून 2,990. दोन स्थिर आकार भरूनही पाचशे रुपये वाचतात, कारण पहिल्या शंभराचा स्वस्त टप्पा दोनदा मिळतो. चूल खरोखर वेगळी असेल तर वेगळं मीटर मागणं रास्त आहे. रेशनकार्ड, घराची वाटणी, स्वतंत्र वायरिंग ही तयारी आधी करा. एकाच घरात हॉल एका मीटरवर आणि बेडरूम दुसऱ्यावर, ही हुशारी करू नका. तपासणीत दोन्ही जोडण्या एकत्र धरल्या की वाचलेलं सगळं परत जातं.

घरातला धंदा हा सोलापूरचा खास विषय. कुठं शिलाई मशीन, कुठं कडक भाकरी, कुठं पापड. आमच्या घरी शेंगाचटणी. कुणीतरी हिला घाबरवलं की मिक्सर चालवतेस म्हणून मीटर कमर्शियल करतील. वीज नियामक आयोगाच्या दराच्या आदेशात यासाठी सोय आहे: घराच्या एका भागात असा व्यवसाय असेल, वापर महिन्याला 300 युनिटांच्या आत आणि आदल्या आर्थिक वर्षात 3,600 च्या आत असेल, तर घरगुती दरच लागतो. म्हणून घरउद्योगवाल्यांनी तीनशेची रेघ जपावी. त्याच्या वर जात असाल तर स्वतः अर्ज करून वेगळी जोडणी घ्या, कारण चुकीच्या वापराबद्दल वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दरानं आकारणी होते. यंत्रमागाचा विषय निराळा, त्याचा दर औद्योगिक गटात आहे. माग घरात असला तरी तो घरगुती मीटरवर चालवायचा नसतो.

सोलर: विक्रेता इथं खरोखर निवडता येतो

सोलापूरच्या उन्हाचं काहीतरी सोनं व्हावं म्हणून 2024 च्या दिवाळीनंतर मी छपराकडं वळलो. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली. अनुदान पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000, तिसऱ्याला 18,000, म्हणजे जास्तीत जास्त 78,000. पाच किलोवॅट बसवलं तरी 78,000 च.

माझ्याकडं आलेल्या पहिल्या विक्रेत्यानं बसल्या बसल्या पाच किलोवॅट सांगितलं. मी वही काढली. वर्षाची सरासरी 250 युनिट. एक किलोवॅट दिवसाला चारेक युनिट देतं, महिन्याला 120. दोन किलोवॅटचे 240. मला तेवढंच हवं होतं. 250 युनिटांचं बिल 2,825 येतं. दोन किलोवॅटनंतर दहाच युनिट उरली तर स्थिर आकारासकट 217. महिन्याला सव्वीसशे. मला 1,40,000 चं कोटेशन मिळालं, अनुदान जाऊन 80,000. अडीच-पावणेतीन वर्षांत फिटतं, पावसाळ्यातले ढगाळ दिवस धरले तर थोडं पुढं. तिसरा किलोवॅट जी वीज करील ती मी वापरणारच नाही. नेट मीटरिंगमध्ये दिवसाची जास्तीची वीज ग्रिडला जाते आणि रात्रीच्या वापरातून वजा होते, शिल्लक पुढच्या महिन्यात ओढली जाते, पण 31 मार्चला खातं मिटतं आणि उरलेल्या युनिटांना मिळणारा भाव तुमच्या खरेदीच्या भावापेक्षा फार कमी असतो. जोशीकाकूंचं बिल साडेसातशे-आठशे. त्यांना मी सांगितलं, घाई नाही.

तीन कोटेशनं घ्या आणि रकमेआधी या गोष्टी समोरासमोर ठेवा: पॅनेल किती वॅटचे आणि किती, ते देशी सेलचे आहेत का (अनुदानाला ते लागतातच), इन्व्हर्टरची वॉरंटी किती वर्षं, अर्थिंग आणि वीजरोधक धरलाय का, नेट मीटरचा खर्च कुणाचा. एका कोटेशनात हे शेवटचे दोन नव्हतेच, म्हणून ते स्वस्त दिसत होतं.

माझी फसगत सावलीत झाली. विक्रेत्याचा माणूस दुपारी बारा वाजता आला, गच्ची बघितली, ‘एकदम क्लिअर आहे काका’ म्हणाला. जोडणी झाल्यावर कळलं की साडेतीननंतर आमच्याच पाण्याच्या टाकीची सावली दोन पॅनेलवर येते. पॅनेल ओळीत जोडलेले असतात, एकावर सावली आली की सगळी ओळ मंदावते. टाकी हलवायचा खर्च माझ्या खिशातून गेला. तुम्ही सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता गच्चीवर जाऊन खडूनं सावलीच्या रेघा मारा. तेही डिसेंबरात, कारण तेव्हा सूर्य खाली असतो आणि सावल्या लांब. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते.

स्ट्रक्चर उंच करून घ्या. खाली चालता आलं पाहिजे, नाहीतर कुरडया-पापडाच्या वाळवणाला जागा राहत नाही आणि मग घरात शांतता राहत नाही. उंचीला चार-सहा हजार जास्त पडतात. धुळीसाठी पंधरा दिवसांतून दोन बादल्या पाणी, पहाटे. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

आणि ग्रिडची वीज गेली की हे सोलरही बंद पडतं. लाईनवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर आपोआप थांबतो. भर उन्हात पॅनेल तळपतायत आणि घरात अंधार, हे बघून भावानं मला वेड्यात काढलं. वीज गेल्यावरही हवी असेल तर बॅटरीचा खर्च वेगळा धरा.

गॅस: इथं एजन्सी बदलता येते

जावईबापूंना मी शेवटी सांगितलं, की एक पुरवठादार मीही बदललाय. सिलिंडरचा. गॅस जोडणीची पोर्टेबिलिटी 2013 च्या अखेरीस सुरू झाली, तरी कितीतरी जण अजून त्याच एजन्सीला चिकटून बसलेत.

आमच्या जुन्या एजन्सीकडून नंबर लावल्यावर आठ-दहा दिवस लागायचे आणि पोरगं दर वेळी पावतीपेक्षा तीस रुपये वर मागायचं. घरपोच देण्याचा खर्च सिलिंडरच्या किमतीतच असतो, वेगळा द्यायचा नसतो. मी दोनदा भांडलो, मग भांडणं सोडून एजन्सी सोडली.

भावात फरक शोधू नका, सरकारी तेल कंपन्यांचा घरगुती सिलिंडर एका गावात एकाच भावाला असतो. फरक सेवेचा. कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या भागातल्या वितरकांना तारे दिलेले असतात. ते बघा, पण त्याहून चांगलं म्हणजे गल्लीत चार घरी विचारा की नंबर लावल्यापासून किती दिवसांत येतो. त्याच कंपनीचा दुसरा वितरक हवा असेल तर काम सोपं: ग्राहक क्रमांक आणि नोंदवलेला मोबाईल घेऊन ऑनलाईन विनंती करायची, सिलिंडर-रेग्युलेटर तेच राहतात, फी लागत नाही. जुन्या एजन्सीकडून ‘काय झालं, जाऊ नका’ असा फोन येतो. मला आला होता, फार गोड बोलले. कंपनीच बदलायची असेल तर मात्र सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या ठिकाणी परत करून ठेवीची पावती घ्यावी लागते आणि नव्या ठिकाणी नव्यानं ठेव भरावी लागते. दोन्हीकडचे आकडे आधी लिहून घ्या. हातात भरलेला सिलिंडर असताना हे करू नका, तो संपत आल्यावर करा, आणि मधल्या दोन दिवसांसाठी ती इंडक्शन शेगडी आहेच. बदल झाला की, अनुदान मिळत असेल तर ते येणारं बँक खातं आणि आधार नव्या नोंदीत बरोबर आलंय का, ते पहिल्याच आठवड्यात तपासा.

नवा पोरगा सिलिंडर घेऊन आला तेव्हा मी वजनकाटा मागितला. त्यानं कुरकुर न करता खांद्यावरून उतरवून काट्याला लावला. रिकाम्या सिलिंडरचं वजन कड्यावर लिहिलेलं असतं, त्यात 14.2 मिळवून जुळलं. मग मी सिलिंडरच्या पुढच्या चाचणीची मुदत सांगणारं कड्यावरचं अक्षर बघितलं: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी वर्षाचे शेवटचे तीन महिने, पुढे साल. तारीख पुढची होती. पोरगा म्हणाला, "काका, एवढं कुणीच बघत नाही की हो." मी त्याला पावतीएवढेच पैसे दिले आणि ही आतून शेंगाचटणीची पुडी घेऊन आली.